झाडू न मारलेली थीम

हे आजवर मी कुणाकडे बोललेले नाही. नवऱ्याकडे नाही, सख्ख्या बहिणीकडेही नाही — आणि ती तर माझ्या पोटातलं काढून घेण्यात उस्ताद आहे. तुलाच का सांगतेय? जाऊ दे ना, ऐक फक्त.

आधी एक लक्षात घे, मी जात्याच संशयी बाई. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. भाजीवाल्याने काटा उचलला की माझं लक्ष त्याच्या बोटाकडे. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस. मला त्याचा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू?

मुलुंडला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा होता. खाली रबराचे वॉशर बनायचे, वर आम्ही चौघं वेबसाइटच्या थीम बनवायचो. थीम म्हणजे तयार साचा — रंग, अक्षरं, मांडणी आमची. घेणाऱ्याने आपलं नाव नि फोटो टाकायचे, झाली साइट. गाळा नितीनचा, म्हणून साहेब तोच. घाटकोपरचा कुणाल कोड लिहायचा. मी सगळं तपासायचे. संशयी बाईला दुसरं काय काम देणार? आणि डिझाइनला दर्शना.

दर्शना खारदांड्याची, कोळ्यांच्या घरातली. आई अजून मासळी विकायला बसते. किनाऱ्यावर बांबूंना बोंबील वाळत टांगतात ना, तशा ओळींत तिने पानावर फोटो टांगले होते. झकास दिसायचं, शपथ. थीमचं नाव तिनेच ठेवलं — दांडा. नितीनने कबूल केलं होतं की या वेळी खाली ‘डिझाइन : दर्शना’ असं छापायचं. घरी कुणालाच कळायचं नाही की ही दिवसभर कॉम्प्युटरवर करते काय. ‘आईला एकदा नाव दाखवते, मग गप्प बसेल,’ असं ती मला दहा वेळा तरी म्हणाली असेल.

आता आमची एक पद्धत सांगते, तिच्यावरच सगळं फिरलं. कोडमध्ये आम्ही एकमेकांसाठी टिपा लिहायचो. साइटवर त्या दिसत नाहीत, कोड उघडला तरच दिसतात. कुणालची टीप असायची, ‘हे काढलंस तर वाट लागेल.’ दर्शना तिच्या घरच्या भाषेत लिहायची, ‘हितं हात नको लावू, आय वरडल.’ थीम विकायला जाण्याआधी या टिपा पुसून टाकायच्या. त्याला आम्ही झाडू मारणं म्हणायचो. झाडू मारायचं काम माझं.

दांडा बाजारात जायला आठवडा होता. एका सकाळी कुणालने आम्हाला बोलावलं. कुठल्याशा दुसऱ्या विक्रेत्याकडे आमचीच थीम विकायला होती — रंग बदललेला, बाकी तीच. त्याने कोड उघडला. मधोमध लिहिलेलं — ‘हितं हात नको लावू, आय वरडल.’

कुणी हसलं नाही. झाडू न मारलेली फाइल म्हणजे आतली फाइल, आणि ती चौघांकडेच होती. मग बाहेर दिली कुणी?

त्या दिवसापासून गाळ्यातलं वागणंच बदललं. कुणालने स्क्रीन भिंतीकडे वळवली. नितीन सगळ्यांच्या मागून उगाच फेऱ्या मारायचा. एका थर्मासातला चहा घ्यायचो, तो बंद झाला, ज्याने त्याने खाली जाऊन प्यायचा. आणि मी? मी तर रंगातच आले होते. कोण कधी आलं, कोण कुणाशी बोललं, सगळं टिपत होते. दर्शनाचा फोन वाजला की ती उठून जिन्यात जायची. हे पहिल्यांदा कुणी हेरलं? मीच.

शनिवारी सकाळी मी घरून काम करत होते. आमची नमुन्याची साइट, म्हणजे गिऱ्हाइकांना थीम चालवून दाखवायची जागा, ती तपासत होते. एका कोपऱ्यात एक फाइल दिसली. नाव होतं ‘घरी न्यायची’.

ते नाव मी दिलेलं.

तीन आठवड्यांपूर्वी मुलीला ताप होता. घरून काम करायचं म्हणून मी अख्खी आतली फाइल तिथे चढवली होती, उघड्यावर, पासवर्डशिवाय. मेलने जात नव्हती ना. पत्ता कुणाला कळणार, असं वाटलं. नंतर काढायची विसरले. फाइल कुणी उतरवली याच्या नोंदी उघडल्या तर कुठकुठल्या अनोळखी ठिकाणांहून ती उतरवून घेतलेली.

मी फाइल पुसली. मग नोंदीही पुसल्या. दोन मिनिटं लागली.

इथपर्यंत तू म्हणशील, चूक झाली, घाबरलीस. पण थांब — खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

सोमवारी नितीन मला खाली टपरीवर घेऊन गेला. म्हणाला, ‘ताई, तुझी नजर पक्की आहे. तुला काय वाटतं?’ तोंड उघडायची वेळ तीच होती ना? उघडलं मी तोंड. म्हटलं, ‘मी कुणाचं नाव घेणार नाही. पण फोन आला की ती जिन्यात का जाते, एवढं विचार.’

शब्द न् शब्द खरा होता बघ. म्हणूनच तो इतका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शना पासवर्ड टाकत बसली होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ताई, माझा चालत नाहीये. तुझा चालतोय ना गं?’ मला कारण माहीत होतं, नितीनने तो बंद केला होता. मी म्हटलं, नेट स्लो असेल.

नितीनने तिला आपल्या टेबलाशी बोलावलं. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘मी चोर असते तर माझीच टीप पुसली नसती का?’ नितीनने उलट फोनचं विचारलं, ते तिने सांगितलंच नाही. स्थळाची बोलणी चालली होती आणि तिला ती कुणाच्या कानावर घालायची नव्हती, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. बॅग उचलून ती गेली.

दांडा महिन्याभराने बाजारात आली, रंग बदलून, नाव बदलून. ‘डिझाइन : दर्शना’ ही ओळ काढायचं काम माझ्याकडे आलं. काढली.

त्यानंतर तीन वर्षं मी त्याच गाळ्यात बसले. कुणाल हसला की वाटायचं, याला कळलंय. नितीन जुन्या नोंदी उघडायचा तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून त्याच्या मागे जाऊन उभी राहायचे. सगळ्यांवर संशय घेणारी मी, आणि माझ्यावर संशय कुणी घेतलाच नाही. एकानेही नाही गं.

गेल्या महिन्यात दर्शनाचा फोन आला. एका ठिकाणी नोकरीसाठी अर्ज केलाय, जुन्या ऑफिसमधल्या कुणाचं तरी पत्र हवंय. नितीनला विचारायची सोय नव्हती. मी लगेच हो म्हटलं, त्याच दिवशी छान पत्र लिहून पाठवलं. ‘अत्यंत विश्वासू’ असंही लिहिलं.

पत्र मिळाल्यावर तिने परत फोन केला. म्हणाली, ‘ताई, तिथे तू एकटीच होतीस, जिने माझ्यावर कधी संशय घेतला नाही.’

मी म्हटलं, ‘असू दे गं.’