आईला जुना फोन

"आई फोनच उचलत नाही मॅडम. तिला आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही," दिनेश परब माझ्या बोरिवलीच्या क्लिनिकमध्ये सांगत होता. आई शेजारीच बसली होती. दहिसरच्या तिच्या खोलीला कुलूप लावून तिला ठाण्याला आपल्याकडे न्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट. कान तपासून ऐकायचं मशीन बसवते. परबकाकूंचं मशीन मीच बसवलं होतं आणि समोरासमोर त्यांना छान ऐकू येत होतं.

"काकू, फोन का उचलत नाही?"

"उचलून काय करू? कानाला लावला की मशीन शिट्टी मारतं. मशीन काढलं तर काहीच ऐकू येत नाही."

मी फोन पाहिला. कोपऱ्यात तडा गेलेला. मुलगा नवा फोन घेतो, जुना आईच्या गळ्यात मारतो आणि वर आईला मोबाइल दिल्याचं चारचौघांत सांगतो. अशी बरीच मुलं बघितली आहेत मी.

"पण मशीन जोडलंय मॅडम. ॲप चालतं. ब्लूटूथ आहे म्हणजे झालं ना?"

नाही झालं. ॲपवरून मशीनचा आवाज कमीजास्त करता येतो. फोनवरचं बोलणं थेट मशीनमध्ये येणं वेगळं, त्याला आम्ही स्ट्रीमिंग म्हणतो. ते प्रत्येक फोनला जमत नाही. कुठल्या मॉडेलला जमतं त्याची कंपनीची यादी मी मशीनसोबतच दिली होती. साहेबांनी ती उघडलीही नव्हती. स्वतःच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मात्र तोंडपाठ.

यादीत जुना फोन नव्हता. त्याच्या खिशातला नवा होता.

"द्या जरा."

त्याने तो जिवावर आल्यासारखा दिला. मी तो काकूंच्या मशीनला जोडला आणि दिनेशला जुना फोन घेऊन जिन्यात पाठवलं. त्याचा कॉल आला. काकूंनी फोन कानाला लावलाही नाही, हातातच धरला.

"येतंय रे, स्वच्छ येतंय. आता तू ऐक. मी ठाण्याला येणार नाही. मला एकदा विचारायचं तरी होतंस."

दिनेश आत आला तो मान खाली घालूनच. "असाच दुसरा घेऊन देतो आईला."

"दुसरा तू घे," काकू म्हणाल्या. "यातलं तुझं सिम काढ."

काकू अजून दहिसरलाच राहतात. मशीनवाल्या माणसासाठी फोन घ्यायचा तर त्यालाच दुकानात न्या, मशीन जोडा आणि एक कॉल लावून बघा. मग त्याच्या घराला कुलूप लावायची भाषा करा.