आ-यिनची सपाट पडवी

आ-यिन कॉलेजातून घरी आली की बी-युन आधी तिच्या बोटांकडे बघे. अंगठ्यावर नवी पट्टी दिसली तर कटर घसरला. बोटांची टोकं पांढरी खरखरीत असली तर गोंद. दोन्ही नसलं, तर पोरगी दिवसभर कोऱ्या कागदासमोर बसून राहिली असं समजायचं, आणि तेच सगळ्यात वाईट. मग बी-युन दुकानाच्या फडताळातून कोंबडीच्या अर्काची बाटली काढून तिच्यापुढे ठेवी आणि आ-यिन ती नाक दाबून पिऊन टाकी.

ताइनानमध्ये देवळामागच्या गल्लीत बी-युनचं औषधांचं दुकान होतं. ती स्वतः फार्मसी शिकलेली. कुठली गोळी कशावर चालत नाही हे तिला तोंडपाठ होतं, पण मुलगी आर्किटेक्चर शिकते म्हणजे नेमकं काय करते हे तिला तिसऱ्या वर्षापर्यंत नीट कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की त्यात झोप नसते.

पोरीला हे वेड लहानपणापासूनच. तिसरीत असताना शाळेने सगळ्या मुलांना रेशमाचे किडे पाळायला दिले होते. बाकीच्यांनी बुटाच्या खोक्यात तुतीचा पाला टाकला आणि मोकळे झाले. आ-यिनने खोकल्याच्या औषधांची खोकी चिकटवून तीन मजली घर केलं. प्रत्येक किड्याला वेगळी खोली, प्रत्येक खोलीला खिडकी. किड्यांनी मात्र सगळ्यांनी मिळून जिन्यात मुक्काम ठोकला. आ-यिन दोन दिवस गाल फुगवून बसली आणि मग खोल्या फाडून टाकून तिने नुसते जिनेच जिने केले. किडे खूश झाले, शेजारचे टोपीवाले गाओ काका पोट धरून हसले.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुठ्ठ्याची खुर्ची करायची होती, माणसाचं वजन पेलणारी. ल्याओ सर तिच्या खुर्चीवर बसले. खुर्ची क्षणभर विचारात पडली आणि मग सरांसकट खाली आली. वर्गात सगळे गप्प, फक्त आ-यिनला हसू आवरेना. सरांनी पँट झटकत खुर्ची उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "सांधे चांगलेत. पुठ्ठा पडला. पास."

दुसऱ्या वर्षी पोहणाऱ्या बाईसाठी घर काढायचं होतं. तोवर आ-यिनच्या हाताला सफाई आली होती. मासिकांतली घरं बघून बघून तिने असं पांढरंशुभ्र घर केलं की बी-युन त्याकडे बघतच राहिली. ल्याओ सरही बराच वेळ बघत राहिले.

"कोणाचं घर हे?"

"पोहणाऱ्या बाईचं, सर."

"तिचा ओला टॉवेल कुठे वाळतो?"

आ-यिनने घरी येऊन टॉवेलासाठी दांडी जोडली. सर म्हणाले, दांडीबद्दल विचारलं नव्हतं मी. मग कशाबद्दल विचारलं होतं, यावर आ-यिन महिनाभर चिडचिडली.

आणि आता तिसरं वर्ष. काम असं होतं की ओळखीची एक गल्ली निवडायची आणि तिथल्या दुकानांपुढची पडवी नव्याने आखायची. या शहरात दुकानांचा वरचा मजला खांबांवर पुढे आलेला असतो आणि खालून माणसं उन्हापावसातून सावलीने जातात. प्रत्येक दुकानापुढचा तुकडा त्या त्या मालकाचा, पण चालायचा हक्क सगळ्यांचा. आ-यिनने आपलीच गल्ली निवडली. बी-युनला बरं वाटलं. निदान पोरगी मोजमापं घ्यायच्या निमित्ताने घरी जेवेल.

सत्राच्या मध्यावर कामाची तपासणी झाली. त्या दिवशी आ-यिन घरी आली तेव्हा बोटं स्वच्छ होती.

"काय म्हणाले सर?"

"म्हणाले, तू इथे वीस वर्षं राहतेस ना, मग हे एखाद्या पाहुण्याने काढल्यासारखं का वाटतंय?"

"म्हणजे काय?"

"मला कळलं असतं तर मी पाहुण्यासारखं काढलं असतं का, आई?" आ-यिनने दप्तर खाली टाकलं. "शेवटच्या तपासणीला असंच असलं तर नापास करणार आहेत. स्टुडिओत, म्हणजे या मुख्य विषयात, नापास म्हणजे पुढचं वर्ष बंद. परत तिसऱ्यातच."

 बी-युनने अर्काच्या दोन बाटल्या काढल्या. मग न राहवून म्हणालीच, "तुझी मामी म्हणत होती की फार्मसीला अजूनही बदलून जाता येतं."

"आई."

"मी नुसतं सांगितलं."

"तू नुसतं नाही सांगत कधी."

पुढच्या शनिवारी आ-यिनचा वर्गमित्र यू-शेंग तैपेईच्या घरची सुट्टी अर्धी टाकून मदतीला आला. उंच, हडकुळा, कायम भुकेलेला मुलगा. मॉडेलसाठी दुकानांचे फोटो काढायचे होते. गळ्यात कॅमेरा अडकवून तो पडवीतून निघाला आणि गाओ काकांच्या दुकानाशी धडपडला. "सॉरी, काका," म्हणून सावरला आणि चार पावलं पुढे गेला. आ-म्येन आजीच्या बदामाच्या जेलीच्या दुकानासमोर मात्र तो चक्क गुडघ्यांवर आला, कॅमेरा मात्र वर धरलेला.

आजी स्टुलावरून म्हणाली, "नमस्कार राहू दे, बाळा. जेली हवी असली तर नुसतं मागायचं."

बी-युन कापूस आणि लाल औषध घेऊन धावली. "असा कसा पडलास रे? सपाट तर आहे सगळं."

"सपाट?" यू-शेंग गुडघा धरून तिच्याकडे बघत राहिला. "काकू, तुम्ही आत्ता येताना दोनदा पायरी उतरलात."

"मी?"

"हो. खाली न बघता."

बी-युनने मागे वळून बघितलं. तिच्या दुकानाची फरशी गाओ काकांच्या फरशीपेक्षा चांगली वीतभर वर होती. काकांची आजीच्या फरशीपेक्षा त्याहून जास्त. लग्न होऊन आल्यापासून रोज ती या पायऱ्या चढत उतरत होती आणि कोणी विचारलं असतं तर तिने शपथेवर सांगितलं असतं की इथे पायऱ्याच नाहीत.

आजी हसत होती, आ-यिन मात्र हसत नव्हती. ती आत गेली आणि आपली नकाशाची गुंडाळी घेऊन बाहेर आली. स्कूटरच्या सीटवर कागद पसरला. गल्लीचा उभा छेद, म्हणजे गल्ली सुरीने उभी कापल्यावर दिसेल तशी. खांब होते, छप्पर होतं, पाट्या होत्या, गाओ काकांच्या टोप्यासुद्धा होत्या. खाली जमिनीची रेघ पट्टीने ओढलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

"मी रुंद्या मोजल्या," ती हळूच म्हणाली. "खांब मोजले. जमीन नाही मोजली. आपल्या घराची जमीन कोण मोजतं?"

"हे असंच दाखवलंस सरांना?" यू-शेंगने विचारलं.

"हो."

"पाहुणा तरी बरा गं. पाहुणा निदान पडतो."

आता जमिनीची उंची नीट मोजायची होती. यंत्र कॉलेजात, आणि त्याच्यासाठी रांग. बी-युनने दुकानातून पारदर्शक नळीचं भेंडोळं आणलं, त्यात पाणी भरलं आणि दिसावं म्हणून दोन थेंब लाल औषध टाकलं. नळीची दोन टोकं कुठेही धरली तरी पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं, हे तिला शाळेपासून आठवत होतं. एक टोक तिने आपल्या खांबाशी धरलं, दुसरं घेऊन आ-यिन खांबाखांबाने पुढे सरकत गेली. यू-शेंगने आकडे लिहिले. गल्लीतले सगळे आपापल्या कामातून उठून बघायला आले.

"कोणाला सलाइन लावताय?" गाओ काकांनी विचारलं.

"तुमच्या फरशीला," बी-युन म्हणाली. "अशक्त आहे, खाली गेलीये."

"खाली नाही गेली, तुम्ही वर गेलात. पुराच्या वर्षी तुमच्या सासऱ्यांनी ओझंभर सिमेंट ओतलं आणि सगळं पाणी माझ्या बापाच्या टोप्यांत सोडलं. मग माझ्या बापानेही ओतलं, तर ते गेलं आजीकडे."

"आणि मी काहीच ओतलं नाही," आजी म्हणाली. "माझी जेली तशीही पाण्यातच असते."

त्या दिवसापासून आ-यिनच्या बोटांना गोंद नव्हता, पण तिचा चेहरा वेगळा दिसत होता. ती आजीच्या स्टुलाशेजारी वही घेऊन बसे. बी-युन काउंटरमागून लक्ष ठेवून होती. तिला वाटलं होतं, चूक सापडली, आता पोरगी सगळी जमीन एका पातळीत आणेल, पास होईल आणि झोपेल. तिने तसं सुचवलंही.

"आधी मीही तसंच ठरवलं होतं," आ-यिन म्हणाली. "पण बघ ना, आजी शेंगा सोलायला कुठे बसते?"

आजी गाओ काकांच्या पायरीवर बसली होती. तिच्या पलीकडच्या पायरीवर पार्सलवाला खोकी टेकवून पावतीवर सही घेत होता. बी-युनच्या पायरीवर, तिला न विचारता, एक म्हातारा बूट काढून पायाचं बोट चोळत होता.

"पायऱ्या काढल्या की ही सगळी माणसं उठवावी लागतील."

"मग राहू देत की पायऱ्या."

"आणि चाकाची खुर्ची असलेल्यांनी काय करायचं? ते सगळे खाली रस्त्यावरून जातात, गाड्यांमधून. ते बघितलंस का तू?"

बी-युनने बघितलं होतं. त्यांना औषध द्यायला ती स्वतःच रस्त्यावर उतरत असे. त्यात काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नव्हतं.

कागदांचे ढीग झाले. एकदा आ-यिनने गाओ काकांना विनंती करून त्यांच्या फरशीवर खडूने लांबच लांब उतार आखला आणि आजीची बर्फाची हातगाडी त्यावरून ढकलून बघितली. गाडी सुटली आणि टोप्यांत शिरली. काका म्हणाले, हा उतार नको. आ-यिनने उतार आणखी लांबवला. हळूहळू तिची आखणी जमून आली. भिंतीच्या बाजूला प्रत्येकाची फरशी होती तशीच, आपापल्या उंचीवर. खांबांच्या आतल्या बाजूने मात्र एकच अखंड उतार, सावकाश चढणारा आणि उतरणारा, टोप्यांच्या दुकानाशी थोडा वळणारा, चाकांसाठी. दोन्हींच्या मधे जो फरक उरला, कुठे वीतभर, कुठे गुडघ्याएवढा, तिथे तिने रुंद लाकडी कट्टे केले. माणसं जिथे आधीच बसत होती तिथेच आता नीट बसणार होती.

शेवटच्या तपासणीला येऊ नकोस असं आ-यिनने आईला बजावलं होतं. त्यामुळे बी-युन माशाच्या पेजेचा मोठा डबा घेऊन गेली, म्हणजे ती तपासणीला नव्हे, डबा द्यायला आली होती. स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रिंटरवर हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवला होता, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. खाऊची तारीख उलटली तर यंत्र रुसतं, म्हणून कोणीतरी ती परत परत तपासत होतं. बी-युन दारामागे डबा छातीशी धरून उभी राहिली.

आ-यिनचा नंबर आला. ती बोलायला लागली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाली, "मागच्या वेळी मी जमीन चुकीची काढली होती. मी तिथे राहते, म्हणून मला ती दिसलीच नव्हती."

बी-युनला वाटलं, आता संपलं. स्वतःहून कबूल कशाला करायचं?

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "उतार छान आहे. पण तिथे आज काय उभं आहे ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पडवीत लावलेल्या स्कूटर कुठे जाणार?"

"खांबांच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला."

"लोक हलवतील?"

"कठीण आहे," आ-यिन म्हणाली. "पहिली स्कूटर माझ्या आईची आहे. आणि ती आत्ता दारामागे उभी आहे, तिलाच विचारा."

सगळा वर्ग वळला. बी-युनने डबा थोडा वर केला. "हलवीन," ती म्हणाली. "पण सावली हवी. सीट तापते."

परीक्षक बाईंनी लगेच काहीतरी टिपून घेतलं.  ल्याओ सर मॉडेलजवळ वाकले आणि त्यांनी दोन बोटं पायांसारखी त्या छोट्या पडवीत ठेवली. बोटं चालत निघाली. औषधांच्या दुकानाशी उचलली गेली, टोप्यांच्या दुकानाशी खाली उतरली, आजीच्या दुकानापुढच्या कट्ट्यावर जाऊन बसली आणि तिथेच थोडा वेळ बसून राहिली.

"आता इथे कोणीतरी राहतं," सर म्हणाले. "वळणावरचा उतार अजून जास्त आहे. म्हातारी माणसं सरळ टोप्यांत जातील."

"गेली आहेत, सर. म्हणजे, हातगाडी गेली."

"मग कमी कर. पास आहेस, पण वळण सुट्टीत सुधारून आण, मग मार्क लावतो."

"सुट्टीत?" बी-युनच्या तोंडून निघून गेलं. "सर, सुट्टीत तरी झोपू द्या तिला."

वर्ग हसला. आ-यिनने नकाशा तोंडावर घेतला. ल्याओ सरांनी मात्र गंभीरपणे मान डोलावली. "बरोबर आहे, काकू. आठवडाभर झोप, आ-यिन. मग वळण. त्या डब्यात काय आहे?"

पेज सगळ्यांना पुरली नाही. यू-शेंगने डब्याचं झाकणही पुसून खाल्लं.

घरी जाताना मॉडेल आ-यिनच्या मांडीवर आडवं होतं आणि बी-युन इतक्या हळू स्कूटर चालवत होती की मागचे लोक हॉर्न वाजवून थकले आणि बाजूने निघून गेले.

"आई, थोडी तरी जोरात चालव."

"खड्डे आहेत." मग थोड्या वेळाने, "फार्मसीचं मी मामीला सांगून टाकते, नको म्हणून."

"सांग."

"पुढच्या वर्षी काय करायचं असतं?"

"मासळी बाजार. पहाटे तीनला जाऊन बसायचं, लिलाव बघायला."

 सिग्नल लाल झाला तशी बी-युन थांबली आणि डाव्या हाताला कोणाचं दुकान उघडं आहे ते बघू लागली. पहाटे तीनला, ओल्या फरशीवर, या पोरीच्या पायात कापडी बूट. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट तिच्या मापात मिळतील का, हे आत्ताच विचारून ठेवलेलं बरं.