बस्त्यावचा कागद

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात टेबलावर एक कागद दिसला. सणाच्या जेवणाची यादी समजून मी लिहून टाकलं, 'आमचे चौघे, मटण जास्त.' मग वरचा मजकूर वाचला. लहानपणी फादरने केलेल्या अत्याचाराची चौकशी व्हावी, असा पन्नाशीतल्या बस्त्यावचा अर्ज होता. चर्च म्हणे, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणत, चर्चमध्येच मिटवा. सह्या दोनच होत्या.

मी ओशाळून खोडायला लागलो. शेजारी उभा बस्त्याव हसला. "राहू दे रे, जेवायला का होईना, चौघे आले."

बाप्तिस्म्याच्या वहीत गावातलं प्रत्येक मूल नावानिशी आहे. त्या मुलाचं पुढे काय झालं, ते लिहिलेली वही ना चर्चमध्ये, ना चौकीत.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मटण तेवढं खोड. मुलांना घेऊन जाऊ, चौघं सह्या करू."