रूथबाईंचा बंद पडलेला हात

रूथबाईंच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली आणि बोटांना काहीच लागलं नाही. जागा बदलून पाहिलं, स्टेथोस्कोप लावला. आत सगळं सामसूम.

मी डायलिसिस टेक्निशियन होते, आता रिटायर झाले. शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हाची ही गोष्ट. किडन्या काम करेनाशा झाल्या की रक्त मशीनमधून साफ करून परत अंगात सोडावं लागतं. त्यासाठी रक्ताची जोरदार धार हवी, आणि साध्या शिरेत ती नसते. म्हणून सर्जन हातातली शीर धमनीला जोडून देतात. त्याला फिस्टुला म्हणतात. तो चालू असला की कातडीखाली सतत थरथर लागते, मांडीवरचं मांजर घुरघुरतं तशी. आमच्या भाषेत ते थ्रिल. थ्रिल नाही म्हणजे आत गुठळी झाली, रस्ता बंद.

बाईंचा उजवा हात आधीच असा वाया गेला होता. मानेत घातलेल्या नळीवर त्यांचं डायलिसिस चालू होतं, पण त्या नळीतून जंतू आत शिरले तर जिवावर बेततं. डाव्या हातावर सगळी भिस्त होती आणि त्या आठवड्यात आम्ही तो पहिल्यांदा वापरणार होतो. त्या आनंदात बाईंनी बिडकीनला घरी रविवारी उपकारस्तुती ठेवलेली. ख्रिस्ती घरात काही चांगलं घडलं की पाळकांना बोलावून प्रार्थना करतात. मग ज्याचं भलं झालं तो उभा राहून साक्ष देतो, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगतो. त्यानंतर जेवण. आमच्या अख्ख्या युनिटला आमंत्रण होतं.

"लागत नाय का?" बाईंनी विचारलं.

"सरांना बोलावते," मी म्हटलं.

सर, म्हणजे आमचे सर्जन, दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते. मी बाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसले. थ्रिल कधी कधी फार बारीक असतं, म्हणून मनगटावरची बोटं उचलली नाहीत. बाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. मला धीर द्यायला जमत नाही. युनिटमध्ये मला खडूस म्हणत, ते काही उगाच नाही.

सरांनी गुठळी काढून पाहिली. रक्त वाहिलं, आणि संध्याकाळच्या आत पुन्हा थांबलं. बाईंचे मिस्टर योहानकाका बाहेर बसले होते. त्यांना सरांनी सांगितलं की तूर्त मानेच्या नळीवर चालवू, पुढे दंडात कृत्रिम नळी बसवून बघू, पण खात्री देता येत नाही.

पुढच्या डायलिसिसला काका कार्यक्रम रद्द करायला निघाले होते. बाई ऐकेनात. रविवारचं रविवारीच होणार, म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. पाचोडचा एक पेशंट सगळं देवावर सोपवलं म्हणत यायचा बंद झाला होता, तो पुन्हा दिसला नाही. बाईही तेच करतील या भीतीनं मी सरळ विचारलं, "मंगळवारी डायलिसिसला येणार आहात ना?"

"येणार की. देव माया करतो म्हणून मी आळस करू व्हय?"

"मग उपकार कशाचे मानताय? हात तर गेला."

"जेवायला या. तिथंच सांगते."

गेले. अंगणात मंडप, चुलीवर मटण, शहरातल्या छावणी भागातून आलेले पाळक. प्रार्थना झाली आणि बाई उभ्या राहिल्या. मानेतली नळी पदराखाली झाकलेली होती.

"हात बंद पडला, तुमा सगळ्यांला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिशी मी लई रडले. देवाला इचारलं, माझा इसर पडला का तुला? काय बी आवाज आला नाय. पर या ताईंनी माझा हात धरला व्हता. बंद पडलेल्या हाताचा कुणाला काय उपयोग? तरी सर येईस्तोवर सोडला नाय. तवा मला कळलं, तो बी मला असाच धरून हाय. मी बरी झाले तरी, नाय झाले तरी. मेले तरी त्याच्याच हातात हाय."

मंडपातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवणं झाल्यावर मी बाईंना एका बाजूला गाठलं.

"रूथबाई, मी धीर देत नव्हते हो. थ्रिल शोधत होते."

"ठाऊक हाय मला," त्या हसल्या. "मी काय आज येते का तिथं? पर शोधत तर व्हता ना."



मंगळवारी बाई वेळेवर हजर होत्या. पुढे दंडातली नळी बसली आणि चालली. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच माझी बोटं धरून दंडावर टेकवली. चांगलं ठणठणीत थ्रिल होतं. त्यावर त्यांनी बरीच वर्षं काढली, नातवंडं पाहिली. शेवटी त्या हार्टनं गेल्या. नळी तेव्हाही चालू होती. मी देवळात फारशी जात नाही, पण त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. नोकरीभर मी माणसांचे हात धरले, आणि ते कशासाठी हे मला त्यांनी सांगितलं.

नंतर नव्या मुलींना शिकवताना मी सांगायचे, थ्रिल लागलं नाही तर आधी सरांना फोन करा आणि सर येईपर्यंत हात सोडू नका. का, असं कुणी विचारलंच, तर बारीक थ्रिल उशिरा लागतं, एवढंच सांगायचे.