म्हाळबाची ओळख परेड

वकिलाच्या ऑफिसात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पक्षकार येतो, रडतो, चहा पितो आणि जाताना एखादा मागे ठेवून जातो. क्रांती चौकातल्या काझी साहेबांकडे मी ज्युनिअर म्हणून लागले, तेव्हा आई म्हणाली होती, "गारखेड्याहून रोज जाऊन-येऊन तू तिथं करणार काय?" तिला काय सांगणार, निम्मा वेळ ऐकण्यातच जातो! आणि त्यातले निम्मे किस्से एकट्या म्हाळबाचे.

म्हाळबा मेंढपाळ. पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्याला त्याच्या लोकांचा तळ पडला होता. एका संध्याकाळी तिथंच घोंगडी पांघरलेल्या कुणीतरी एका व्यापाऱ्याला काठीनं मारून लुटलं. पोलीस येताहेत म्हटल्यावर तळ उठला. बाया, माणसं, मेंढरं, सगळे पसार. जागेवर एकटा म्हाळबा!

"पळाला का नाहीस रे?" साहेबांनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"मेंढी अडली व्हती, साहेब. तिला तशीच टाकून कसं जाऊ?"

मेंढी सुखरूप व्याली आणि म्हाळबा गाडीत बसला. फौजदारानं लिहिलं, "आरोपी शांत होता, यावरून तो सराईत दिसतो." पळाला असता तर "पळाला, यावरून" असं लिहिलं असतं. लेखणी त्यांचीच ना!

* * *

मग ओळख परेड. रांगेत उभी करायला माणसं कुठून आणावीत? शेजारच्या कचेरीतले शिपाई आणि हॉटेलातले वेटर! सगळे शर्ट-पँटवाले. मधोमध म्हाळबा, डोक्याला तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडी, अंगाला मेंढरांचा वास. व्यापाऱ्यानं दारातूनच बोट दाखवलं.

पुढे कोर्टात उलटतपासणीला साहेबांनी त्याला विचारलं, "चेहरा पाहिला होता?"

"अंधारून आलं होतं. नीट नाही दिसला."

"मग ओळखलं कशावरून?"

"घोंगडीवरून! रांगेत एकाकडंच होती ना."

साहेब खूश होऊन खाली बसले आणि माझ्या कानात म्हणाले, "बेटा, केस खतम! मिठाई मंगाव."

केस काही खतम झाली नव्हती. म्हाळबा अजून बोलायचा होता.

* * *

साक्षी संपल्या की जज आरोपीला विचारतात, बाबा, तुझं म्हणणं काय. आम्ही म्हाळबाला पोपटासारखं पढवलं होतं. काहीही विचारलं तरी "खोटं आहे" एवढंच म्हणायचं. जजसाहेबांनी विचारलं, "हे व्यापारी तुमच्याविरुद्ध का सांगतात?"

म्हाळबानं व्यापाऱ्याकडं पाहिलं. पिकल्या केसांचा माणूस. म्हाळबा हात जोडून म्हणाला, "म्हातारं माणूस हाय, साहेब. त्येला खोटं कसं म्हणू?"

काझी साहेबांनी कपाळावर हात मारला. म्हाळबाच्या लोकांत वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर खोटं म्हणत नाहीत. म्हणणाऱ्याला पंगतीतून उठवतात. पण कोर्टाला ही रीत कोण सांगणार? निकालात आलं की साक्षीदाराचा खरेपणा आरोपीनं स्वतःच मान्य केला. शिक्षा दहा वर्षं.

पोलीस घेऊन निघाले तेव्हा म्हाळबा आमच्यापाशी थांबला. साहेबांना म्हणाला, "तुमी लई बोलला माझ्यापायी. घसा बसला आसंल." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

* * *

त्या दिवसापासून साहेबांनी चहातली साखर सोडली. कोणी विचारलं की म्हणायचे, "डायबेटिस." साहेबांच्या घरून भाभींचा एकदा मला फोन आला, "कौनसा डायबेटिस? घरी पण फिका चहा, और रिपोर्ट तो नॉर्मल है!" काही आजार रिपोर्टात येत नाहीत.

* * *

अपील केलं, जामीन मागितला. जामिनाला आरोपीचा कायमचा पत्ता लागतो. म्हाळबाची बायको ठकूबाई समोर बसली होती.

"ठकूबाई, कायमचा पत्ता सांगा."

"पावसाळ्यातला का उन्हाळ्यातला?"

"बाराही महिने राहता तो!"

"मेंढरं आस्त्यात तिथं ऱ्हातो, ताई."

जामीन नाकारला. घरदार नाही, म्हणजे फरार होणार, असं सरकारी वकील म्हणाले. अडलेल्या मेंढीपासून जो हलला नाही, तो फरार होणार म्हणे!

* * *

ठकूबाई वर्षातून दोनदा यायची, तारीख विचारायची आणि बळंच एक लोकरीचा गोळा टेबलावर ठेवून जायची. साहेबांनी एकदा विचारलं, "एकटी बाई तू, एवढा कळप ऐकतो तुझं?"

"माझं कुठलं ऐकतोय! मी धन्याची हाळी देती."

"म्हणजे?"

"त्यांची हाळी येगळी हाय. तीच शिकले, साहेब. ते आल्यावर मेंढरांनी परकं समजाय नको."

"देऊन दाखव बरं."

ठकूबाई लाजली. मग तोंडाला पदर लावून आधी टाळ्याला जीभ टकटकवली आणि अशी काही हाळी दिली, की खालच्या झेरॉक्सवाल्यानं शटर ओढून घेतलं! त्याला वाटलं, दंगल झाली!

जाताना दारात थांबून म्हणाली, "ताई, जेलात भेटाय गेलात तर ह्ये त्यांना सांगू नका. हसतील मला."

* * *

अपील सुनावणीच्या बोर्डावर यायला सात वर्षं लागली. आलं आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत संपलं. हायकोर्टाच्या जजसाहेबांनी घोंगडीचं वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि सरकारी वकिलांना विचारलं, "म्हणजे यांनी माणूस ओळखला की कपडा?" म्हाळबा निर्दोष.

ऑफिसात आल्या आल्या साहेबांनी चहा मागवला, "शक्कर डबल!"

"आणि डायबेटिस?" मी विचारलं.

"तोही अपिलात सुटला!" म्हणाले, आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

* * *

तुरुंगातून सुटल्यावर म्हाळबाला आम्हीच साहेबांच्या गाडीतून तळावर घेऊन गेलो. पडेगाव मागे पडल्यावर तो मला म्हणाला, "माझ्या येळची एक बी मेंढी नसंल आता. काई इकली, काई मेली. लेक न्हाय, बाळ न्हाय, तीच माझी लेकरं व्हती. आता मला कोण वळखणार?"

साहेबांनी गाडी माळाच्या वाटेला वळवली.

तळ माळावर पडला होता. मेंढरं लांब उतारावर पांगलेली. ठकूबाईनं भाकर-पाणी ओवाळून टाकलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "बोलवा की."

"येत न्हाईत ती. नवी हायत."

"बोलवा तर खरं."

म्हाळबा पुढं झाला. दोनदा घसा खाकरला. टाळ्याला जीभ टकटकवली आणि हाळी दिली. आवाज मधेच फाटला, तरी त्यानं शेवटपर्यंत ओढली.

उतारावरची सगळी डोकी एकदम वर झाली. मग एक निघालं, मागून दुसरं, आणि बघता बघता अख्खा कळप धुरळा उडवत खाली आला आणि त्याच्याभोवती दाटला. कोकरं त्याच्या पायात शिरली. म्हाळबा मधोमध हात वर धरून उभा. खाली ठेवायला जागाच नव्हती!

"आगं, ही तर माझ्या माघारी जन्मली," तो बायकोला म्हणाला. "ह्यांनी मला कसं वळखलं?"

ठकूबाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पदर खोचून चुलीवर चहा ठेवायला गेली.