सख्ख्याहून सख्खा

सख्खा भाऊ म्हणजे काय, हे मले सरकारनं शिकवलं. तोवर आमच्या घरात भाऊ म्हणजे भाऊ. मोठबापाचा, म्हणजे बापाच्या मोठ्या भावाचा पोरगा अन् मी एका ताटात जेवलो, एका खाटेवर झोपलो, एकमेकाचे सदरे घातले. तो फौजेत गेला. मी राळेगावच्या जिनात कापूस वाहायले लागलो. तो सरहद्दीवर गेला तो परत आलाच नाही. मागं राहिली त्याची म्हातारी माय, म्हणजे माही मोठमाय, अन् त्याची बायको. लेकरू नव्हतं. बायकोच्या नावानं सरकारी पेन्शन सुरू झाली, अन् त्या पेन्शनवर दोघी सासवासुना जगत होत्या.

ती बायको पुढं माही झाली. अवंदा थंडीत गेली. घरात बोलायले कोणी उरलं नाही, म्हणून कागदाशी बोलून राह्यलो. लोक म्हणतात, रडून घे. रडतोच मी. पण हे आठवलं की हासू येते, अन् ते अडवायचं काहून?

तर मी मोठमायच्या घरी पाणी भरायले, लाकडं फोडायले जात होतो. आधी मोठमायसाठी जात होतो. मंग कोणासाठी जात होतो, ते साऱ्या गावाले दिसून राह्यलं होतं. लाकडाचा ढीग पार छपराले टेकला. मोठमाय म्हणाली, "बस कर बाप्पा. आता काय घराचे खांब फोडतं?"

तिच्या सुनेलेही मी नको नव्हतो. अडलं होतं पेन्शनपाशी. गावात फौजेतून रिटायर झालेला एक हवालदार होता. त्यानं सांगितलं, "फौजीच्या विधवेनं दुसरं लग्न केलं की पेन्शन बंद." मंग मिशीवर हात फिरवून म्हणाला, "पण मेलेल्याच्या भावाशी केलं, तर चालू."

माहं डोकं गरगरलं. दिल्लीच्या साहेबांनी रात्र रात्र जागून एकट्या माह्यासाठी कायदा केला, असं वाटलं. घरी येता येता दोनदा ठेच लागून पडलो, अन् दोन्ही वेळा हासत उठलो.

मोठमायले मात्र धाकधूक. ती म्हणे, "पेन्शनच्या कचेरीत कायले जाता? जुन्या चालीनं रातच्याला पाट लावून टाकू. सरकार काय खाटेखाली पाहायले येते?"

आम्ही धम्माची दीक्षा घेतलेले लोक. विधवेचा तो रातचा पाट कवाच सोडला होता. आता लग्न दिवसाउजेडी, पांढरे कपडे घालून, साऱ्यांदेखत. ती सासूले म्हणाली, "मामीजी, चोरून करायचं असन तर मले करायचंच नाही. आधी विचारून येऊ."

यष्टीनं यवतमाळले गेलो. ती, मोठमाय, मी, अन् साक्षीले हवालदार. रस्ताभर त्यानं आम्हाले पढवलं. भाऊ भरती कवा झाला, त्याचं लग्न कवा झालं, तार कवा आली. सारं पाठ झालं.

कचेरीतल्या बाबूनं चष्म्यावरून माह्याकडं पाहिलं. "हे कोण?"

"मयताचा भाऊ," मोठमाय, हवालदार अन् मी एकदम बोललो.

"सख्खा?"

हवालदार ताठ उभा राहिला. "सख्ख्याहून सख्खा, साहेब."

"सख्ख्याहून सख्खा असा रकाना नाही आमच्याकडे. सख्खा, नाहीतर नाही."

मोठमाय पुढं सरकली. "माह्या हातची भाकर खाऊन वाढला. माहाच पोरगा हाय."

"पोटचा?"

"आता या वयात पोट दाखवू काय तुमाले?"

बाबूले हासू आलं, ते त्यानं रुमालात दाबलं. मंग मले म्हणाला, "वडिलांचं नाव सांगा."

हे मात्र कोणी पढवलं नव्हतं. मी माह्या बापाचं नाव सांगितलं. बाबूनं कागदावरचं मयताच्या बापाचं नाव पाहिलं, मले पाहिलं, अन् टाक खाली ठेवला.

मोठमायनं कपाळाले हात लावला. "अरे, बापाचं नाव कायले सांगितलं?"

"विचारलं म्हणून सांगितलं. पेन्शनसाठी बाप बदलू काय?"

"तो कवाचाच वर गेला. त्याले कोण सांगायले जाते?"

हवालदार भिंतीकडं तोंड करून हासून राह्यला होता. बाबू म्हणाला, "चुलत भावाला हा नियम लागू नाही. लग्न केलं तर बाईंची पेन्शन बंद होईल. तुमचं तुम्ही ठरवा."

आता ही नाही म्हणणार, अन् नाही म्हणायलेच पाहिजे. म्हातारीच्या तोंडचा घास मी कसा काढू?

तिनं पदर सावरला. "साहेब, माही बंद झाली तर मामीजीचं काय?"

बाबूनं नियमाचं पुस्तक चाळलं. "मयताची आई आहे, दुसरा मुलगा नाही. त्यांच्या नावानं अर्ज करता येईल. पण मिळेलच, असं मी सांगू शकत नाही. ते वर ठरतं."

"मंग मामीजीचा अर्ज लिहून घ्या," ती म्हणाली. "अन् माही बंद करा."

"अवं, न मिळाली तर?" मोठमाय घाबरली.

"तर याईनं फोडलेली लाकडं इकू."

मोठमायची पेन्शन पुढं मंजूर झाली. लई दिवस लागले, पण झाली. मंग तिची ऐट काय सांगू. घरात सरकारी माणूस आता मी, म्हणे, अन् आम्हा दोघाईले चहाची फर्माईश करे. पण त्या दिवशी हे कोणालेच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी हातचं सुटलं होतं, एवढंच खरं.

कचेरीच्या पायरीवर ती माह्याजवळ आली. "उद्यापासून जिनात दोन पाळ्या करा," म्हणाली. "सरकार सोडून आली मी तुमच्याकडं."

दोन पाळ्या काय, कोणी अख्खा जिन पाठीवर घे म्हटलं असतं, तरी घेतला असता. यष्टीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं? माह्या तोंडून आमच्या गावाचं नाव काही निघेना. मी आपला त्याच्याकडं पाहून हासून राह्यलो. शेवटी तिनंच गावाचं नाव सांगितलं, अन् चार तिकिटं मागितली.