लेसावीची बंद भट्टी

लेसावीला तिसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा मी दवाखान्याच्या छपरावर सोलरची पॅनेलं पुसत होतो. खालचं सगळं ऐकू येत होतं.

"सिस्टर, एका पोरीला टोचायला तुझं काय जातंय?"

"अगं, एका बाटलीत दहा पोरांची लस असते. एकदा कालवली की संध्याकाळपर्यंत संपवायची, नाहीतर फेकायची. एकटीसाठी फोडली आणि पुढचं जहाज रखडलं, तर बाकीच्यांना काय देऊ? दहा पोरं जमव, मग ये."

"पोरं म्हणजे खेकडे आहेत का, टोपलीत भरून आणायला?"

नेली आईच्या कडेवर अंगठा चोखत होती. नुकतीच वर्षाची झाली होती. शेजारच्या बेटावर गोवर पोचल्याचं रेडिओवर सांगत होते. गोवर म्हणजे काय, हे लेसावीला रेडिओने सांगायची गरज नव्हती. तिचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता. पुरळ मावळलं म्हणून घरात सगळे निर्धास्त झाले आणि मग त्याची छाती भरली.

ती घरोघर फिरली. रोझीन अंगणात चटई विणत होती.

"आमच्या पोराला कुठं पुरळ आलंय?"

"आल्यावर टोचून काय उपयोग? पुरळ दिसायच्या आधीच पोर खोकून चार घरांत गोवर वाटून येतं."

"तू कधीपासून सिस्टर झालीस गं? आलंच तर खोबरेल चोळू."

मुखिया काल्सोंग कावाच्या मुळांचा गुंगी आणणारा रस पिऊन सुस्त बसले होते. "उद्या सांगतो सगळ्यांना," म्हणाले. त्यांचा उद्या सगळ्या बेटाला माहीत होता.

घरी येऊन लेसावीने कोयता दारात फेकला. मग तिने निरोप धाडला: शनिवारी नेलीची वर्षाची मेजवानी, दवाखान्याच्या अंगणात, पोराबाळांसकट या. लापलापला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही.

शनिवारी पहाटेपासून तिने लापलापसाठी सुरण किसला, नारळाचं दूध पिळलं, वर कोंबडी घातली आणि केळीच्या पानांत गुंडाळून सगळं तापल्या दगडांच्या भट्टीत पुरलं. दुपारी अख्खा गाव आला. पोरं मात्र कुणीच आणली नव्हती.

"म्हातारीकडे ठेवलीत," रोझीन म्हणाली. "इथं आणली की सिस्टर टोचणार, मग रात्रभर रडारड." उरलेलं घरी न्यायला तिने टोपली मात्र आणली होती.

लेसावी काठी घेऊन भट्टीसमोर उभी राहिली.

"दहा पोरं आल्याशिवाय सिस्टरची बाटली उघडत नाही. माझी भट्टीही उघडणार नाही."

"अगं, करपेल!"

"करपू दे."

"हा कसला पाहुणचार?" काल्सोंग गुरगुरले.

"उद्या वाढते, मुखिया."

लोक इतके हसले की त्यांनाही हसावं लागलं. "जा गं, नातवाला घेऊन ये," त्यांनी सुनेला सांगितलं. मग एकेक आई उठली. सगळ्यांत शेवटी रोझीन, पुटपुटत.

नेली धरून नऊ पोरं झाली. दहावं काही केल्या मिळेना. सिस्टर दारात घुटमळली.

"नऊच आहेत गं."

"मग या उपाशी आयांना तूच सांग, घरी जा म्हणून."

सिस्टरने बाटली फोडली. पहिली सुई नेलीला. तिने टाहो फोडला, मागून बाकीच्यांनी सूर धरला. उरलेला एक डोस संध्याकाळी फेकला गेला. आभाळ काही कोसळलं नाही. लापलाप तळाला करपलं होतं, तरी सगळ्यांनी नावं ठेवत चाटूनपुसून खाल्लं.

लेसावीने तोंडात घास घातला नाही. "एवढंच होतं, तर पहिल्याच दिवशी का नाही फोडलीस?" तिने विचारलं. सिस्टर पेटी आवरत राहिली.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा छपरावर होतो. डोंगरापलीकडची एक बाई वर्षभराचं पोर झोळीत घालून चालत आली. खालून तोच आवाज आला: "दहा पोरं जमव, मग ये." बाई माघारी वळली.

लेसावीने तिला कुंपणावरून पाहिलं. चार शिव्या हासडल्या, कुणाला ते कळलं नाही. मग बाईला हाक मारून ओसरीत बसवलं आणि कोयता उचलून केळीची पानं कापायला गेली.